धरून, वगळून

"आम्ही परत गेलो ना, की हे बूट लागणारच नाहीत," खडू म्हणाली आणि उजव्या बुटाची चेन वर ओढायला लागली. चेन रोजच्यासारखी घोट्यापाशी अडकली. शाळेची बस यायला चार मिनिटं उरली होती, बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि दाराजवळच्या बोळकांडीत कोट, टोप्या, मफलर यांच्या गर्दीत मायलेकी एकमेकींचे पाय तुडवत उभ्या होत्या. आईनं एक हातमोजा घातला होता आणि ती दुसरा शोधत होती. ती शोधायची थांबली. "काय म्हणालीस?" "चेन अडकली." "त्याच्या आधी." "काही नाही," खडू म्हणाली, कारण नऊ वर्षांच्या मुलीला मिनिटापूर्वी आपण काय बोललो यापेक्षा अडकलेली चेन मोठी असते. आत स्वयंपाकघरात नवरा डबा भरत होता. नळ वाहत होता, तो बंद झाला. बस्स, एवढंच. नळ बंद होण्यात विशेष काही नसतं, काम झालं की माणूस नळ बंद करतो. पण तिचे कान स्वयंपाकघराकडे लागले ते लागलेच, आणि खाली रस्त्यावरून बसचा भोंगा ऐकू आल्यावर खडूला हाताला धरून पळतानाही ते तिकडेच होते.

खरं म्हणजे वाक्यात वावगं काहीच नव्हतं. दीड वर्षापूर्वी या थंड मुलखात आल्यापासून 'परत गेलो की' असं सुरू होणारी वाक्यं त्या घरात चहाबरोबर व्हायची. परत गेलो की केस उन्हात वाळवायचे. परत गेलो की खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायचं, पंखा लावून, अंगावर काही न घेता. त्या परत जाण्याला तारीख नव्हती, म्हणून ते निर्धास्त होतं. निवृत्तीनंतर जग फिरू म्हणणारी माणसं असतात, तसलं. पण ती सगळी वाक्यं 'आपण'वर उभी होती. आपण परत गेलो की. मराठी माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून असेल तर 'आपण', त्याला वगळून असेल तर 'आम्ही'. दारात उभा राहून पाहुणा 'आम्ही निघतो' म्हणाला तर यजमान जागचा उठत नाही. 'आपण निघूया' म्हणाला की चपला शोधायला लागतो. दुधाचे दात पडायच्या आत पोरांना हे कळलेलं असतं. आणि खडू आईशी बोलत होती, आईच्या तोंडाकडे बघून बोलत होती, आणि म्हणाली 'आम्ही'. म्हणजे आई सोडून. घरात माणसं तीन. तिनातून एक गेलं की उरली कोण ते मोजायला बोटंही लागत नाहीत.

बस गेली. फुटपाथवर रात्रीचा बर्फ पायांनी तुडवून तुडवून राखाडी झाला होता. ती आपल्या बसची वाट बघत उभी राहिली आणि एकीकडे स्वतःची समजूत घालायला लागली. पोरीच्या मराठीची इथे येऊन पार खिचडी झाली होती, हे तर खरंच होतं. चमचा पडली, म्हणायची. माझा शाळा. परवा तापातून उठली तर म्हणाली, "आई, मी आता गरम नाही." इथल्या भाषेत वस्तूंना बाई-पुरुष नव्हते; शाळेत दिवसभर त्या बिनलिंगी जगात हिंडून आल्यावर संध्याकाळी घरी चमचा पुल्लिंगी आणि वाटी स्त्रीलिंगी हे त्या लेकरानं कुठवर सांभाळायचं? आणि मुद्द्याची गोष्ट, इथल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' यांना मिळून एकच शब्द होता. एकच. तो म्हणताना कुणाला धरलंय आणि कुणाला वगळलंय ते सांगायची सोयच नव्हती, ऐकणाऱ्यानं आपापलं समजून घ्यायचं. म्हणजे पोरीनं तो शब्द मनातल्या मनात मराठीत आणला आणि हाताला लागला तो मराठी शब्द उचलला. झालं. प्रकरण मिटलं. बस आली, ती चढली, खिडकीशी बसली, आणि दोन थांबे जातात न जातात तोच मनात पुन्हा पाल चुकचुकली: मग नळ का बंद झाला?

ती दातांच्या कवळ्या बनवायची. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग हळूच तोंड मिटतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे ठसे घेऊन कारखान्याला पाठवत, इथं त्यांचे प्लास्टरचे साचे व्हायचे, वरचा आणि खालचा जबडा लोखंडी बिजागरीच्या चौकटीत बसवायचा, मेणाची हिरडी करायची आणि त्या मेणात एकेक दात रोवत जायचं. मेण दिव्यावर धरायचं, सुरी तापवायची, दात बसवायचा, चौकट मिटून चाव बघायचा, उघडायची, केसभर हलवायचा, पुन्हा मिटायची. आधीच्या गावात तिनं हेच काम आठ वर्षं एका दवाखान्याच्या मागल्या खोलीत केलं होतं. खोली एवढीशी की खुर्ची मागे सरकवली तर दार उघडायचं नाही. तिथे सकाळचं काम संध्याकाळी घेऊन जायला माणूस उभा असे, आणि कवळी तोंडात मावली की झाली, अशी पद्धत होती. त्या कवळीनं माणूस बोलेल कसा, हसेल कसा, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. तिला पडायचा, पण तो ती प्लास्टरच्या धुळीबरोबर झाडून टाकायची. खडू दोन वर्षांची असताना आईच्या पिशवीतून आलेलं प्लास्टरचं ढेकूळ चाटताना सापडली, तेव्हापासून तिचं नाव खडू पडलं. दाखल्यावरचं नाव फक्त शाळेपुरतं उरलं. इथल्या कारखान्यात मात्र एका कवळीला आठ-आठ दिवस मिळत. पेशंट स्वतः यायचा, मेणातले दात तोंडात घालून काही वाक्यं वाचून दाखवायचा, आणि मुख्य कारागीर डोळे मिटून ऐकायचा. त्याला सगळे म्हातारा म्हणत, तोंडावरही, आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. पहिल्या दिवशी तिनं हे बघितलं आणि तिला एकदम भूक लागल्यासारखं झालं होतं. आठ वर्षं आपण जे काम करत होतो ते मुळात असं असतं तर!

आज तिच्यापुढे एका शिक्षकाची कवळी होती. सोबतच्या कागदावर डॉक्टरनं लिहिलं होतं: जुन्या कवळीतून बोलताना शिट्टी वाजते, वर्गात मुलं हसतात. वरच्या समोरच्या दातांचा मागचा उतार सुधारायचा होता. असलं काम तिचं आवडतं. तिनं मेण तापवलं, मधले दोन दात बसवले, बाजूचे दोन बसवले, सुळे बसवले, चौकट मिटली, उघडली, आणि मनात एकच भुणभुण चालली होती, आम्ही परत गेलो ना, आम्ही परत गेलो ना. पोरगी म्हणाली कशी होती? सहज म्हणाली होती. ठरलेल्या गोष्टीविषयी बोलावं तसं. बूट लागणारच नाहीत. तो 'च' कुठून आला? 'च' तिच्या बोलण्यात नसतो, 'च' तिच्या बापाच्या बोलण्यात असतो. म्हाताऱ्यानं मागून येऊन चौकट उचलली, खिडकीकडे धरली आणि तिच्यापुढे परत ठेवली. "या माणसाला तू दोन्ही बाजूंनी उजवा केलायस," तो म्हणाला. तिनं बघितलं. डाव्या सुळ्याच्या जागी उजवा सुळा होता. दातांना डावं-उजवं असतं, हे शिकाऊ पोरींनाही पहिल्या आठवड्यात कळतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हातारा आपल्या टेबलाकडे गेला. तिनं दोन्ही सुळे उपसले आणि मेण खरवडून पुन्हा सुरुवात केली.

'च' तिच्या नवऱ्याचा होता, आणि शब्द हीच तर त्याची रोजीरोटी होती. तो कापडाच्या दुकानात विक्रेता होता. त्याला दुकानात 'मीटर' म्हणत, एक तर हातात सदा लोखंडी मीटरपट्टी, आणि दुसरं म्हणजे गिऱ्हाईक बसलं की याचं तोंड सुरू व्हायचं ते टॅक्सीच्या मीटरसारखं थांबायचंच नाही. पांढऱ्या गादीवर मांडी घालून तो तागे फेकायचा, कापड हवेतून उलगडत यायचं आणि बाईच्या गुडघ्यापाशी अलगद थांबायचं. लग्नाआधी ती त्याला बघायला म्हणून दोनदा खोटंच कापड घ्यायला गेली होती, आणि दोन्ही वेळा खरंच कापड घेऊन आली होती. पुढे त्यानंच तिला गुपित सांगितलं. "गिऱ्हाइकाला 'तुम्ही हे घ्या' म्हटलं की ते उठतं," तो म्हणायचा. "'आपण जरा हा निळा बघूया का' म्हणायचं. बघूया. आपण. म्हणजे मी आणि ती एका बाजूला, आणि कापड समोर. 'आपण' म्हटलं की माणूस जागचा हलत नाही, त्याला वाटतं सगळं दोघांनी मिळून ठरवलंय." आणि हसायचा. "ठरवलेलं असतं मी!" या एका शब्दावर पंधरा वर्षं पोट भरलेल्या माणसाच्या घरात 'आपण' आणि 'आम्ही' यांची चूक होते, यावर तिचा विश्वास बसेना. पोरगी चुकेल. पण पोरगी ज्याच्याकडून शब्द उचलते तो चुकणाऱ्यातला नव्हता. तिनं सुरी दिव्यावर धरली आणि जरा जास्तच तापवली. मेणातून धूर आला.

पण आता तो माणूस कुठे बोलत होता? इथे तो एका गोदामात खोकी लावायचा. सकाळी खडूच्या पाठोपाठ जायचा, दुपारी चारला यायचा. खोक्यांवर आकडे लिहिलेले असत आणि शेल्फांवरही आकडे. आकडा आकड्याशी जुळवायचा, एवढंच काम, त्याला भाषा लागत नव्हती. सुरुवातीला तो संध्याकाळच्या भाषेच्या वर्गाला गेला. वही घातली, रंगीत पेनं आणली. दोन महिन्यांनी एकदा दुकानात अंडी मागायला गेला, त्याच्या तोंडून काही भलतंच निघालं, आणि गल्ल्यावरची पोरगी हसली. वाईट नव्हती हसली. पण ज्याच्या बोलण्यावर बायका तासतासभर बसून राहायच्या, त्याला बोलण्यावरून कुणी हसलं, हे त्यानं घरी येऊन सांगितलं ते विनोद म्हणूनच, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गाला जायचं बंद केलं. हळूहळू घरातही त्याचं बोलणं कमी झालं. तिला ते जाणवलं नाही असं नाही, पण तिच्या कामाचे दिवस इतके भरलेले होते, आणि संध्याकाळी घरात शांतता असली तर ती मिळते तेवढी बरीच, असं तिला वाटायचं. रविवारी मात्र तो फोन घेऊन गॅलरीत उभा राहायचा, कोट घालून, टोपी घालून, दार ओढून घेऊन. काचेतून दिसायचं, तोंडातून वाफा निघताहेत, हात हवेत चाललाय, तागा फेकल्यासारखा. कुणाचा फोन, विचारलं तर म्हणायचा, शेठचा. शेठ म्हणजे कापड दुकानाचा मालक. काय म्हणतात, तर म्हणायचा, काय म्हणणार, मजेत आहेत. ताकास तूर लागू देत नव्हता. तिनंही लावून घेतली नव्हती. या एवढ्या थंडीत फोन घ्यायला बाहेर कशाला जातो, हा प्रश्न आज प्लास्टरचा जबडा हातात धरून तिला पहिल्यांदा पडला, आणि पडल्यावर आपल्याला तो आधी का पडला नाही याची तिला भीती वाटली.

जेवणाच्या सुट्टीत म्हातारा पावाचा तुकडा घेऊन तिच्यासमोर बसला. तो एरवी कुणासमोर बसत नसे. "मी उन्हाळ्यात काम थांबवतोय," तो म्हणाला. "माझं टेबल तू घे." तिला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही, इथल्या भाषेत तिला अजून काही काही निसटायचं. म्हाताऱ्यानं खिडकीजवळच्या आपल्या टेबलाकडे पावाच्या तुकड्यानंच खूण केली. "सकाळचा उजेड तिथे येतो. दातांचा रंग तिथेच खरा कळतो. मालकाशी बोललोय मी." सकाळी तिनं माणसाला दोन उजवे सुळे लावले, आणि दुपारी हा हे म्हणतोय! "पण आज मी," ती म्हणाली. "आज तुझं डोकं ठिकाणावर नाही," म्हातारा म्हणाला. "चाळीस वर्षांत माझंही पाच-सहा वेळा नव्हतं." आणि उठून गेला. तिला आनंद झाला. इतका झाला की तिची तिलाच लाज वाटली, कारण क्षणभर त्या आनंदात घरातलं कुणीच नव्हतं. खिडकी होती, उजेड होता, तिचा हात होता आणि त्या हातात मेणाची सुरी. मग ती घाईघाईनं घरच्यांना त्या चित्रात ओढायला लागली: म्हणजे आपण मोठं घर घेऊ, आपण उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ, आपण आता इथेच. आणि तिथे ती अडली. आपण.

अडली ती अडलीच. शिक्षकाच्या कवळीचे दात बसले, चाव जुळला, मागचा उतार तिनं बोटाच्या पेरानं चाचपून बघितला, चांगला झाला होता. चार वाजता बाहेर अंधार पडला, दिवे लागले, तिनं हात धुतले, कोट घातला, आणि बसमध्ये वाफाळलेल्या काचेशी बसून तिला तो दिवस आठवला. ती तो नेहमी विनोद म्हणून सांगायची, इथे ओळख झालेल्या दोन-चार मराठी घरांत तर तिचा तो हुकमी विनोद होता. नोकरीचं पत्र आलं तेव्हा तिला घरी जाईपर्यंत दम निघाला नाही, ती थेट दुकानात गेली. दुकान भरलेलं, मीटर गादीवर, समोर मायलेकी बसलेल्या, कात्री हातात. ती उंबऱ्यातूनच ओरडली, "अरे, आपण जातोय!" त्यानं विचारलं, "कुठे?" तिनं त्या थंड मुलखाचं नाव सांगितलं, आणि त्याच्या हातून कापड वाकडं फाटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. बायका हसल्या, शेठ हसला, तोही हसला. तो वाकडा तुकडा त्यानं स्वतः विकत घेतला आणि खडूला त्याचा फ्रॉक झाला. सांगताना ती इथे थांबायची आणि ऐकणारे हसायचे. तोही बाजूला बसून हसायचा. आज बसमध्ये हसायला कुणी नव्हतं, म्हणून असेल, पण ती स्वतःच मनानं गिऱ्हाइकासारखी त्या गादीसमोर उभी राहिली आणि तिला ऐकू आलं की तिनं काय म्हटलं होतं. 'मला बोलावलंय' म्हटलं नव्हतं. 'जायचं का' म्हटलं नव्हतं. आपण जातोय. त्याच्याच धंद्याचा शब्द तिनं त्याच्यावर चालवला होता, आणि तो गिऱ्हाइकासारखा बसून राहिला होता, सगळं दोघांनी मिळून ठरवलंय असं समजून. नाही, समजून नव्हे. त्याच्याइतका तो शब्द दुसऱ्या कुणाला कळत होता? त्याला उंबऱ्यातच कळलं होतं. आणि तो काही बोलला नाही. दीड वर्ष बोलला नाही. तिचा थांबा आला तेव्हा ती उठलीच नाही, पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आली.

घरात उबेचा आणि वाळलेल्या कपड्यांचा वास होता. खडू टेबलाशी गृहपाठ करत होती. नवरा आतल्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होता. घड्या मात्र अजून दुकानातल्यासारख्या, काठाला काठ लावून, वर हात फिरवून. तिनं कोट काढला, बूट काढले, आणि खडूच्या शेजारची खुर्ची ओढली. पायमोजे ओले होते, तेही काढायचे तिला सुचलं नाही. "खडू, सकाळी तू म्हणालीस ना, आम्ही परत गेलो की. आम्ही म्हणजे कोण कोण गं?"

"आम्ही म्हणजे आम्ही." खडूनं वहीतून मान वर केली नाही. "तू, मी, बाबा."

"मी पण?"

"मग तू काय इथे राहणार एकटी?" खडू म्हणाली आणि तिच्याकडे बघून हसायला लागली.

 तिनं खडूचं डोकं धरून छातीशी दाबलं, केसांचा मुका घेतला, खडू म्हणाली, आई, पेन्सिल टोचेल. तीही हसली. दिवसभर काय काय मांडून बसलो होतो आपण! "अगं वेडाबाई, त्याला 'आपण' म्हणतात," ती म्हणाली. "ज्याच्याशी बोलतेस त्याला धरलं तर आपण. त्याला वगळलं तर आम्ही. तू माझ्याशी बोलताना 'आम्ही' म्हणालीस तर मी त्यात नाही."

"दोन्ही एकच नाही?"

"नाही. अजिबात नाही."

"बाप रे," खडू म्हणाली. "म्हणजे दर वेळी बोलायच्या आधी मोजायचं?"

"मोजावं लागत नाही. आपोआप येतं."

"मला नाही येत आपोआप," खडू म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतीच माहिती. आईला ते लागलं, पण त्या वेळी ते लागणंही सुखाचं होतं, कारण पोरीची चूक ही दुरुस्त करता येण्यासारखी गोष्ट होती. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. चादरीची दोन टोकं नवऱ्याच्या हातात होती, तिनं दुसरी दोन धरली. "ऐकलंस का तुझ्या लेकीचं?" ती म्हणाली. "तिला 'आम्ही' आणि 'आपण' एकच वाटतं. सकाळी म्हणाली, आम्ही परत गेलो की, आणि माझा जीव दिवसभर टांगणीला. दोन उजवे सुळे बसवले मी एका मास्तरला. म्हातारा म्हणतो," आणि इथे तिला टेबलाचं सांगायचं होतं, पण तिनं बघितलं तर चादर सैल झाली होती. तो हसला नव्हता. कुठल्याही किश्श्याला हसणारा माणूस, स्वतःवरच्या किश्श्यालाही हसणारा, आणि तो हसला नव्हता.

"ते तिचं वाक्य नाही," तो म्हणाला. "माझं आहे. मी शेठला म्हणत होतो फोनवर, रविवारी. गॅलरीत जायच्या आधीच फोन लागला. आम्ही परत आलो की भेटतो, म्हटलं. इथले बूट, कोट सगळं टाकूनच येतो. तिनं ऐकलं असेल."

"मग बरोबरच आहे ना," ती घाईनं म्हणाली. बुडणाऱ्याला काय मिळेल ते धरायचं असतं, तिनं व्याकरण धरलं. "शेठशी बोलताना 'आम्ही'च म्हणणार. शेठला वगळून."

"हो," तो म्हणाला. "शेठला वगळून." त्यानं चादरीची आपली टोकं जुळवली, ती सुटली, पुन्हा जुळवली. "आणि तुलाही."

मग तो बोलायला लागला. शेठचं दुसरं दुकान होतंय. गादीवर माणूस हवाय. शाळेचं वर्ष संपलं की यायला सांगितलंय. खडूला आत्ता नेलं तर तिची भाषा सावरेल, आणखी वर्षानं नाही सावरणार. तुझं इथलं काम मला दिसतं, मी आंधळा नाही. तू घरी येतेस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे असतं ते तिकडे आठ वर्षांत एकदा बघितलं नव्हतं. म्हणून तर तुला चल म्हणवत नाही. सांगणार होतो. दर रविवारी सांगणार होतो. तो भरभर बोलत होता, हात हवेत चालला होता, आणि तिला एवढंच कळत होतं की हा माणूस दीड वर्षात या घरात एवढं सलग पहिल्यांदा बोलतोय. तिला राग यायला हवा होता. आला नाही, सगळा राग बसमध्येच स्वतःवर खर्च करून झाला होता.

"मग मी आता काय म्हणू?" दारातून आवाज आला. खडू उभी होती, पेन्सिल हातात, कधीपासून कोण जाणे. "आईशी बोलताना. आईला धरायचं की वगळायचं?"

"खडू, तू बाहेर जा," तो म्हणाला.

"राहू दे तिला. तिचा प्रश्न बरोबर आहे." तिनं चादर खाली ठेवली. "आधी मी एक विचारते. तेव्हा विचारलं नव्हतं. तुला इथे यायचं होतं का रे?"

"आता विचारतेस?"

"आता विचारते."

तो तिच्याकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. तिनं ते त्याच्या तोंडावर झगडताना बघितलं. "नाही," तो म्हणाला. एवढंच. आणि मग, तिनं न मागता, त्यानंही तिला विचारलं, अगदी हळू, "तुला परत यायचंय? आमच्याबरोबर?"

हो. हो म्हणायचं असतं. शब्द जिभेवर तयार होता, पोरगी समोर उभी होती, आणि कुठलीही आई हो म्हणाली असती, उद्या सकाळी म्हाताऱ्याला नाही सांगून आली असती आणि जन्मभर त्या खिडकीची आठवण काढत बसली असती. खोटं बोलायला एक क्षण पुरे होता. पण तो आत्ताच तिच्यासमोर खरं बोलला होता, एक शब्द, बिनरंगाचा, आणि त्याच्या खऱ्यावर आपलं खोटं ठेवायला तिचं मन झालं नाही. तिला खूप वाईट वाटलं, कधी वाटलं नव्हतं इतकं.

"नाही," ती म्हणाली.

खडूनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा आईकडे. तिचे ओठ हलले. ती मोजत होती. मग तिची हनुवटी थरथरायला लागली, पण जे समजलं ते सांगून टाकल्याशिवाय तिला राहवेना.

"म्हणजे सकाळी मी बरोबर म्हणाले होते," ती म्हणाली. "आम्ही."

चमचा पडली म्हटलं की पडला म्हण, शाळा माझा म्हटलं की माझी म्हण, असं दिवसातून दहा वेळा सांगणारी ती, लेकीकडे बघत उभी राहिली. दुरुस्त करायला त्या शब्दात काहीच नव्हतं.